दोन बिंदू, एक रेषा

कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडता येतात, हे युक्लिडच्या भूमितीतील पहिले गृहीतक होय. १६३७ मध्ये रेने देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि रेषेला समीकरणाची भाषा मिळण्याचा मार्ग खुला झाला. हे समीकरण कसे मांडावे, ते जनगणनेच्या आकड्यांवरून पाहू.

भारतातील साक्षरतेचे प्रमाण १९९१ मध्ये सुमारे ५२ टक्के, तर २००१ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. १९८१ पासून मोजलेली वर्षे म्हणजे क्ष आणि साक्षरतेची टक्केवारी म्हणजे य मानू. तेव्हा आपले बिंदू (१०, ५२) आणि (२०, ६५) होत.

प्रथम चढ काढावा. य मधील फरकाला क्ष मधील फरकाने भागावे. वजाबाकीचा क्रम मात्र दोन्हीकडे एकच ठेवावा.

(६५ − ५२) ÷ (२० − १०) = १.३

म्हणजे त्या दशकात दरवर्षी शंभरांमागे सरासरी १.३ साक्षरांची भर पडली.

एकाच रेषेवरील कोणत्याही दोन बिंदूंमधील चढ सारखाच असतो. म्हणून (क्ष, य) हा रेषेवरील कोणताही अन्य बिंदू घेतला तरी,

(य − ५२) ÷ (क्ष − १०) = १.३
य − ५२ = १.३ (क्ष − १०)
य = १.३ क्ष + ३९

पडताळा दुसऱ्या बिंदूने घ्यावा: १.३ × २० + ३९ = ६५. उत्तर बरोबर आहे. दोन्ही बिंदूंचा क्ष समान असेल, तर भाजक शून्य होतो व चढ काढता येत नाही. ती रेषा उभी असते आणि तिचे समीकरण 'क्ष = स्थिर संख्या' एवढेच असते.

आता क्ष = ३०, म्हणजे २०११ घेऊ. समीकरण ७८ टक्के सांगते. जनगणनेत सुमारे ७३ टक्केच आढळले. क्ष = ०, म्हणजे १९८१ साठी ते ३९ सांगते; प्रत्यक्षात प्रमाण सुमारे ४४ होते. गणित चुकलेले नाही. दोन बिंदूंच्या दरम्यान रेषा समंजस अंदाज देते. त्यांच्या पलीकडे ती 'हीच गती कायम राहील' असे गृहीत धरते. समाजाची गती मात्र आपोआप कायम राहत नाही. सात वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे १०५ कोटी लोकसंख्येत २०११ ची ही तूट म्हणजे सुमारे पाच कोटी माणसे. रेषेने त्यांना साक्षर मानले होते. अक्षरे त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ती पोहोचविणे हे समीकरणाचे नव्हे, शाळेचे काम आहे.