आगगाडी गेली, वाट उरली

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें, असें आज सांगितलें तर लहान मुलांना ती दंतकथा वाटते. माझ्या पत्नीचें सारें कॉलेजशिक्षण सायकलीवरूनच झालें. पुढें एके दिवशीं मागून आलेल्या एका भरधाव मोटारीचा धक्का लागून ती रस्त्याच्या कडेला पडली. इजा बेताचीच होती. पण मनांत शिरलेली भीति कांहीं केल्या निघाली नाहीं. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षें तिनें सायकलीला हात लावला नाहीं, आणि आमच्या मुलीलाही ती रस्त्यावर नेऊं दिली नाहीं. तीच माझी पत्नी गेल्या वर्षीं फ्रान्समधील बर्गंडी प्रांतांत, बारा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन, एका दिवसांत ४४ किलोमीटर सायकल चालवीत गेली. यांत तिच्या धैर्याचा वांटा आहेच. पण त्याहून मोठा वांटा त्या वाटेचा आहे. त्या वाटेची हकीकत वाचकांस, विशेषतः मुलाबाळांच्या आईबापांस, उपयोगी वाटेल अशा समजुतीनें येथें देत आहें.

फ्रान्सच्या पूर्व भागांत सोन नदीच्या कांठीं शालों नांवाचें शहर आहे. छायाचित्रणकलेचा आद्य जनक निएप्स याचा जन्म १७६५ सालीं येथेंच झाला. शालोंच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर द्राक्षमळ्यांनीं वेढलेलें जिव्री हें लहानसें गांव लागतें. येथून दक्षिणेस क्लूनीपर्यंत व तेथून माकोंकडे एके काळीं आगगाडी जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रेंच सरकारला आगगाडीचा मोठा ध्यास लागला होता. १८७९ सालीं तर फ्रेसिने या मंत्र्याच्या योजनेनुसार देशाच्या कानाकोपऱ्यांत रूळ नेण्याचा संकल्प झाला. पुढें विसाव्या शतकांत मोटारी व बसगाड्या आल्या, उतारू घटले, आणि आडवळणाचे फांटे एकामागून एक बंद पडले. रूळ उचलून नेण्यांत आले. पण भराव, खिंडी, पूल व स्टेशनांच्या इमारती जागच्या जागीं राहिल्या. जिव्री ते क्लूनी या टप्प्यावर १९९७ सालीं गुळगुळीत वाट तयार करण्यांत आली. फ्रान्समधील पहिला ‘हरितमार्ग’ म्हणून ती ओळखली जाते. आज असे मार्ग त्या देशांत हजारों किलोमीटर पसरले आहेत.

हरितमार्ग म्हणजे काय, हें २००४ सालीं तेथील वाहतुकीच्या नियमांतच सांगून ठेवलेलें आहे. मोटारी व मोटारसायकली यांस येथें सक्त मनाई. पायीं जाणारे, सायकलस्वार, आणि जेथें परवानगी असेल तेथें घोडेस्वार, यांच्यासाठींच ही वाट राखलेली. जेथें मोटाररस्ता आडवा येतो तेथें वाटेच्या तोंडाशीं खांब किंवा आडणें लावलेलें असतें. सायकल निघून जाते, मोटार अडते.

बंद पडलेला लोहमार्ग सायकलीला इतका मानवतो याचें कारणही समजून घेण्यासारखें आहे. इंजिन कितीही बलवान असलें तरी लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतें, म्हणून त्याला चढ सोसत नाहीं. शंभर मीटरांत तीन मीटरांहून अधिक चढ रेल्वेचे इंजिनियर सहसा येऊं देत नसत. टेकडी आली तर ती खोदावयाची, सखल जागा आली तर भराव घालावयाचा, आणि वळण घ्यावयाचें तें दुरून व सावकाश. इंजिनाच्या सोयीसाठीं मजुरांनीं गाळलेला तो घाम आज लहान मुलांच्या पायांच्या कामीं येतो. शिवाय ठराविक अंतरावर जुनें स्टेशन, म्हणजेच गांव, म्हणजेच पाणी व पाव मिळण्याची जागा, हें आलेंच.

आम्ही जून महिन्यांतील एका सकाळीं भाड्यानें घेतलेल्या तीन सायकलींवर निघालों. मागील चाकाच्या दोहों बाजूंस पिशव्या अडकविल्या होत्या. पहिला अर्धा तास सौ.ची मान सारखी मागें वळत होती. मागें कोणी नव्हतें. मुलगी पुढें गेली कीं ‘अगं, जपून!’ हे शब्द तिच्या तोंडून सवयीनें निघत. पण ब्यूसी गांव मागें पडल्यावर तेही बंद झाले. द्राक्षांचे मळे संपून कुरणें लागलीं. तेथें या प्रांताच्या प्रसिद्ध पांढऱ्या गाई संथपणें चरत होत्या. सँ-जाँगू येथें आम्हीं पाव, शेळीच्या दुधाचें चीज व चेरी असें शाकाहारी भोजन केलें. तिसऱ्या प्रहरीं कोर्मातँच्या वाड्यावरून पुढें जातांना मायलेकी शेजारी शेजारी सायकली घालून गप्पा मारीत चालल्या आहेत, असें दृश्य मला दिसलें. रस्त्यावर ही गोष्ट मी आजवर कधीं पाहिली नव्हती.

शाकाहाराचा उल्लेख आला म्हणून आणखी एका गृहस्थाची आठवण देतों. पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा सँत-एतिएन येथील रेशमाचा व्यापारी ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें लिहीत असे. १८८७ सालीं त्यानें सायकलीला वाहिलेलें मासिक काढलें, आणि शर्यतीहून निराळें असें ‘सायकलपर्यटन’ लोकांना शिकविलें. सामान्य मनुष्यालाही डोंगर चढतां यावा म्हणून सायकलीला अनेक गिअर असावे, असा त्याचा आग्रह होता. शर्यतवाल्यांना हें मान्य नव्हतें. ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतींत धांवत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या यंत्राला परवानगी मिळावयास १९३७ साल उजाडलें. हा मनुष्य पक्का शाकाहारी होता. उभा जन्म डोंगराळ रस्त्यांवर घालविलेल्या या प्रवाशाला मृत्यु आला तो मात्र स्वतःच्याच शहरांत, ट्रामचा धक्का लागून. त्यानंतर सहा वर्षांनीं, १९३६ सालीं, फ्रान्समधील कामगारांस कायद्यानें दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, आणि हजारों कुटुंबें सायकलींवरून प्रथमच आपला देश पाहावयास निघालीं.

लोहमार्गांप्रमाणेंच कालव्यांचीही कथा आहे. रिके नांवाच्या उद्योगी पुरुषानें १६६६ सालीं आरंभिलेला मिदीचा कालवा १६८१ सालीं पुरा झाला. रिके मात्र त्याच्या आदल्याच वर्षीं वारला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळील सरोवरापर्यंत सुमारें २४० किलोमीटर जाणाऱ्या या कालव्याच्या कांठानें पूर्वीं नावा ओढणारे घोडे चालत, आज तेथून सायकली जातात. ही वाट बऱ्याच ठिकाणीं मातीची व मुळांनीं उंचसखल झालेली आहे. सावली देणाऱ्या हजारों प्लेन वृक्षांना २००६ पासून एका बुरशीच्या रोगानें ग्रासलें असून ते तोडून नवीन झाडें लावण्याचें काम चाललें आहे. मुलें बरोबर असतील तर तुलूझहून पश्चिमेस जाणारा गारोनचा कालवा अधिक सोयीचा. त्याच्या कांठची वाट पक्की आहे. आजां गांवाजवळ हा कालवा तेवीस कमानींच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो, म्हणजे खालीं नदी व वर नावा अशी मौज दिसते.

हें सर्व वाचून कोणास वाटेल कीं गाड्या बंद पडल्या हें बरेंच झालें. तसें नव्हे. वाटेंतील एका बांकावर भेटलेले एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, “वाट सुंदर आहे, माझीं नातवंडें येथेंच सायकल शिकलीं. पण मला डॉक्टरकडे जावयाचें म्हणजे दुसऱ्याच्या मोटारीची वाट पाहावी लागते. पूर्वीं गांवांत गाडी होती.” त्यांच्या बोलण्यांत तथ्य आहे. ज्या खेड्याची आगगाडी गेली तेथें मोटारीवांचून चालत नाहीं, आणि मोटारींपासून सुटका करणारी ही वाट त्याच आगगाडीच्या जागेवर उभी आहे.

संध्याकाळीं आम्ही क्लूनीस पोंचलों. ९१० सालीं स्थापन झालेल्या येथील मठाचें महामंदिर रोम येथील सेंट पीटरचें मंदिर होईपर्यंत ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठें होतें. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तें विकलें गेलें आणि त्याचे दगड लोकांनीं बांधकामाला नेले. आज एक बाजू व कांहीं मनोरे तेवढे उभे आहेत. तें अवशिष्ट शिखर पाहून माझी पत्नी म्हणाली, “रुळांचा भरावही असाच खणून नेला असता तर आपण आज येथवर आलों नसतों.”

क्लूनीच्या पुढें माकोंच्या वाटेवर दीड किलोमीटरांहून लांब असा एक जुना बोगदा आहे. हिंवाळ्यांत त्यांत वटवाघळें झोंप घेतात, म्हणून तेवढे महिने तो बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशीं त्या गार अंधारांतून आम्ही तिघें पार पडलों, तेव्हां सर्वांत पुढें सौ. होती.

आपल्याकडेही बंद पडलेले लोहमार्ग आहेत, कालव्यांचे कांठ आहेत. जेथें गाडी पुन्हां यावी अशी लोकांची इच्छा असेल तेथें गाडीच यावी. पण जेथें ती खरोखरच येणार नाहीं, तेथील भराव झाडाझुडपांच्या व अतिक्रमणांच्या स्वाधीन करण्यापूर्वीं एकदां आपल्या मुलांचा विचार व्हावा. घरीं परत आल्यावर आमच्या मुलीनें पहिला प्रश्न केला, “आई, येथें आपण कोठें जायचें?” त्याचें उत्तर आम्हांला अद्याप देतां आलेलें नाहीं.