मठ्ठ्याचा ताळेबंद

धाकट्या बहिणीचे लग्न ऐन मे महिन्यात ठरले. वडिलांची आवर्ती ठेव हेच भांडवल. म्हणून जेवणाचा ठेका न देता आचारी लावून शिधा आपण भरायचा, असे ठरले. पेयांचा हिशेब अर्थातच बँकेतल्या मुलाकडे आला!

पाने चारशे. २०० मिलिलिटरचा पेला, माणशी सरासरी दीड. म्हणजे मठ्ठा १२० लिटर. एक भाग दह्यास दोन भाग पाणी, म्हणून दही ४० किलो. स्वागताचे पन्हे माणशी अर्धा पेला, ४० लिटर. पाणी माणशी एक लिटर, अर्थात २० लिटरचे २० जार. (मार्गशीर्षात याहून बरेच कमी पुरते.)

कागद पाहून आचारीबुवा म्हणाले, "साहेब, सरासरी पंगतीला बसत नाही. उन्हातून आलेली पहिली पंगत तीन-तीन पेले पिते." त्यांच्या आग्रहाने १० किलो दही जादा आणले, मात्र न घुसळता बर्फात ठेवले. घुसळलेला मठ्ठा उरला तर आंबतो, दह्याचे काहीही करता येते.

शेवटच्या पंगतीत मध्यावरच पिंपाचा तळ दिसला. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. बुवा मात्र शांतपणे रवी घेऊन बसले होते. वाढपी आणि घरची मंडळी मठ्ठा पिऊनच उठली. उरलेल्या तीन किलो दह्याची दुसऱ्या दिवशी कढी झाली.