मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

१९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले ते बोटीने. त्या काळी या प्रवासाला कित्येक आठवडे लागत. आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून परदेशी निघाली आहेत. त्यातील बऱ्याच जणांच्या घरात याआधी कुणी विमानात बसलेले नसते. प्रवेश मिळतो, व्हिसा मिळतो. पण तिकीट वाचताना गोंधळ होतो. चुकलेल्या विमानाचा भुर्दंड अशा घरांना परवडणारा नसतो. म्हणून हा हिशेब आपण नीट समजून घेऊ.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि आइसलँडजवळून जातो. काही देशांची हवाई हद्द बंद असेल तर विमानाला वळसा पडतो.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला तर १४ तास होतात. प्रत्यक्षात थेट विमानाला १५ ते १६ तास, कधी त्याहून जास्त लागतात. कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास सहसा लवकर होतो.

आता घड्याळ. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराची असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. समजा, १० ऑगस्टला पहाटे २ वाजता निघालात आणि १६ तास लागले, तर तिथे १० ऑगस्टचेच सकाळचे ८.३० वाजलेले असतील. तिकिटावर साडेसहा तास दिसतात, प्रवास मात्र १६ तासांचा असतो.

याच पहाटेच्या वेळेत आणखी एक धोका आहे. १० तारखेचे पहाटे २ चे विमान म्हणजे ९ तारखेच्या रात्री १० च्या सुमारास विमानतळावर हजर राहायचे. नागपूर-नांदेडहून येणाऱ्यांनी रेल्वेचे तिकीट त्या हिशेबाने काढावे.

मध्ये विमान बदलायचे असेल तर पुढील गोष्टी आधीच विचारून घ्या :

- दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत का? वेगवेगळी असतील आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही.
- वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का?
- न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहरात जायचे आहे का? तसे असेल तर तिथेच इमिग्रेशन आणि सामानाची तपासणी होते. हातात किमान तीन-चार तास ठेवा.

ज्यांनी हा प्रवास केला आहे, त्यांनी नव्याने निघालेल्यांचे तिकीट एकदा तपासून द्यावे. त्याला दहा मिनिटे पुरतात.