आर्गोचा बोगदा आणि क्लिअर क्रीकचं पाणी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेला गोल्डन गाव लागतं. तिथून पुढे अरुंद घळीतून क्लिअर क्रीक ही डोंगरी नदी रस्त्याला सोबत करते. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळलं, की इथे राफ्टिंगवाल्यांची झुंबड उडते. गोल्डनच्या काठावर हौशी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून परातीत वाळू घोळवताना दिसतात. जड सोनं तळाशी बसतं, हलकी वाळू पाण्याबरोबर वाहून जाते.

हाच उद्योग पूर्वी पोटासाठी चालायचा. जानेवारी 1859 मध्ये जॉर्ज जॅक्सनला याच नदीकाठच्या आजच्या आयडाहो स्प्रिंग्ज गावाजवळ वाळूत सोनं सापडलं. मे महिन्यात जॉन ग्रेगरीला वरच्या अंगाला खडकातली शीरच गवसली. मग माणसं लोटली. पुढे डोंगर पोखरत खाली गेलेल्या खाणींत पाणी भरू लागलं. त्यावर तोडगा म्हणून निघाला आर्गोचा बोगदा.

1893 मध्ये आयडाहो स्प्रिंग्जहून खोदायला घेतलेला हा बोगदा 1910 मध्ये खाणींनी भरलेल्या सेंट्रल सिटीच्या परिसरात पोचला. लांबी साडेसहा किलोमीटरहून अधिक. कल्पना साधी आणि विलक्षण: खाणींच्या खालून वाट काढायची, म्हणजे पाणी उताराने आपोआप बाहेर येईल आणि त्याच वाटेने खनिजही गाडीतून काढता येईल. तोंडाशी 1913 मध्ये ते दळायची गिरणी उभी राहिली. आखणाऱ्यांच्या हिमतीला दाद द्यावीच लागेल. पण जानेवारी 1943 मध्ये सुरुंग उडवताना पाण्याने भरलेली एक जुनी खाण फुटली. लोंढ्यात चार कामगार गेले, आणि बोगद्याचं काम कायमचं थांबलं.

पाणी मात्र थांबलं नाही. इथल्या खडकात लोहमाक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, असतं. त्याला हवा आणि पाणी मिळालं, की गंधकाम्ल तयार होतं. ते जस्त, तांबं, कॅडमियम विरघळवत नेतं. असं तांबूस पाणी वर्षानुवर्षं नदीत मिसळत राहिलं. 1980 मध्ये बोगद्यातून अचानक मोठा लोंढा आला, तेव्हा खालच्या शहरांना नदीचं पाणी घेणं थांबवावं लागलं. 1983 मध्ये हा परिसर सरकारच्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत गेला.

1998 पासून बोगद्याच्या तोंडाशी शुद्धीकरण केंद्र चालतं. पाण्यात चुना कालवला, की आम्ल मरतं, विरघळलेले धातू गाळ होऊन खाली बसतात आणि निवळ पाणी नदीत सोडतात. माझ्या मते क्लिअर क्रीकवरचं सगळ्यात मोलाचं काम हेच. सोन्याच्या शोधाहूनही मोलाचं. खालच्या शहरांतली लाखो माणसं हीच नदी पितात.

जुनी गिरणी आज पर्यटकांना दाखवतात. आयडाहो स्प्रिंग्जला गेलात, तर तेवढीच पाहून परतू नका. शेजारच्या शुद्धीकरण केंद्राकडेही नजर टाका. बोगद्याचं काम थांबून ऐंशी वर्षं उलटली, तरी ते चालवावंच लागतं.