औषध अंगावर आलं तर

फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो, तिथंच फसगत होते. उसातल्या फोरेटवर २०२० अखेर देशात बंदी आली, तरी एखादी जुनी पिशवी गोठ्याच्या माळ्यावर असायचीच, ही आम्हाला धास्ती. हे विष कातडीतूनही भिनतं. मज्जातंतूंचे निरोप आवरणारं शरीरातलं द्रव्य ते बंद पाडतं. मग लाळ, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती घरघरते. माणूस दगावतो तो श्वास कोंडून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले.

आधी कपडे उतरवा, साबणपाण्यानं अंग धुवा. धुणाऱ्यानं हातांत मोजे घालावेत. पोटात गेलं असेल तर मीठपाणी वा तूप पाजून उलटी काढू नका, ती फुप्फुसात उतरते. डाव्या कुशीवर निजवून दवाखाना गाठा, डबा सोबत न्या. तिथं छाती कोरडी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन देतात. दुसऱ्या दिवशी पेशंट उठून बसला म्हणून घरी आणायची घाई नको. एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात.