भाकरीपुरते रान
१९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा, अजून आठवतील. पुढे लातूर-नांदेडच्या काळ्या रानात सोयाबीन आले, हाती पैसा आला. पण खरिपाची ज्वारी मागे पडली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तरी उसाचा हट्ट सुटतो कुठे!

निदान एकरभर रान घरच्या खाण्याला ठेवा. ज्वारीत तुरीच्या ओळी घाला. तुरीचे मूळ खोल जाते, त्यावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. भाकरी, वरण आणि बैलांची वैरण एकाच रानात निघते. गावरान ज्वारीची भरदार कणसे मात्र मळणीआधीच बियाण्यासाठी बाजूला काढा.