नांगराच्या पात्यांचे चिलखत

बंदुकीची गोळी अडवणाऱ्या पत्र्यात दोन गुण एकत्र असावे लागतात आणि हे दोन गुण एकमेकांच्या वाटेत येतात. पहिला गुण काठिण्याचा, म्हणजे वेगाने येणाऱ्या वस्तूला पृष्ठभागात शिरू न देण्याचा. दुसरा चिवटपणाचा, म्हणजे आघात बसताच न तडकता थोडे वाकून त्याची ऊर्जा जिरवण्याचा. फार कठीण पदार्थ बहुधा ठिसूळ निघतो, तर चिवट पदार्थ बहुधा मऊ असतो, आणि दोन्ही गुण साधण्यासाठी पत्रा जाड केला तर तो अंगावर वागवणाऱ्या माणसाची हालचालच खुंटते. काठिण्य, चिवटपणा आणि वजन यांचा हा तिढा प्रयोगशाळेविना, शेतावर मिळेल त्या लोखंडातून सोडवण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया वसाहतीत १८८० साली झाला. नेड केली, त्याचा धाकटा भाऊ डॅन, जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट या चार फरारी दरोडेखोरांनी अंगात घातलेली ती चिलखते आजही अस्तित्वात असल्यामुळे या प्रयत्नाचे यश आणि अपयश दोन्ही वस्तू समोर ठेवून तपासता येते.

ऑक्टोबर १८७८ मध्ये स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे तीन पोलिसांची हत्या झाल्यानंतर या टोळीला कायद्याच्या संरक्षणाबाहेर घोषित करण्यात आले होते आणि पोलिसांशी उघड सामना होणार हे टोळीने गृहीत धरले होते. कारखान्यातून पोलादी पत्रे मागवणे फरारी माणसांना शक्य नव्हते. त्यामुळे त्यांनी ईशान्य व्हिक्टोरियातील लहान शेतकऱ्यांकडे असलेल्या नांगरांची पाती मिळवली. फाळाने उकरलेली माती उलटवून बाजूला टाकणारा जो वक्र पत्रा नांगराला असतो, त्याचाच उपयोग येथे करण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरामुळे या अवजाराचा परिचय महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही झाला. दर हंगामात वाळू आणि खडे यांच्याशी घासत राहूनही झिजू नये एवढे काठिण्य या पात्यात लागते, आणि मातीत दडलेल्या दगडावर आदळल्यावर तुटू नये एवढा चिवटपणाही लागतो. म्हणजे चिलखताला हव्या असलेल्या दोन्ही गुणांचा मेळ शेतीच्या गरजेने आधीच घातलेला होता आणि टोळीने, कोणत्या विचाराने का होईना, उपलब्ध वस्तूंपैकी सर्वांत योग्य वस्तू उचलली होती. एका चिलखताच्या पत्र्यावर नांगर बनवणाऱ्या कारखान्याची ठसठशीत मोहर अजूनही वाचता येते.

ही पाती तापवून, ठोकून आणि वाकवून छातीचा पत्रा, पाठीचा पत्रा व ओटीपोटावर लोंबणारी झडप असे भाग तयार केले गेले. ते बोल्ट, रिव्हेट आणि चामड्याचे पट्टे यांनी जोडले गेले. पत्र्याची जाडी सुमारे ६ मिलिमीटर होती. नेडच्या चिलखताला खांद्यांवरील पत्रेही होते आणि डोळ्यांपुरती आडवी फट ठेवलेले नळकांड्यासारखे शिरस्त्राण होते. हे काम एखाद्या कसबी लोहाराचे असावे की आडरानातील तात्पुरत्या भट्टीवरचे असावे, याविषयी दीर्घकाळ दोन मते होती. २००३ साली सिडनीजवळील ल्यूकस हाइट्स येथील अणुसंशोधन संस्थेत जो बर्नच्या चिलखताची तपासणी झाली, तेव्हा न्यूट्रॉनांची शलाका धातूतून पाठवून त्याच्या स्फटिकांची मांडणी पाहण्यात आली. न्यूट्रॉन जाड लोखंडातही खोलवर शिरू शकतात, त्यामुळे वस्तू न कापता तिच्या अंतर्भागाचा अभ्यास करता येतो. या तपासणीत धातू सर्वत्र सारखा तापलेला नसल्याचे आणि त्याचे तापमान साधारण ७५० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहिल्याचे दिसून आले. ही खूण रानातील साध्या भट्टीशी जुळणारी होती.

२८ जून १८८० रोजी ग्लेनरोवन येथील खाणावळीभोवती झालेल्या चकमकीत या लोखंडाची परीक्षा झाली. पोलिसांकडील बंदुकांत मार्टिनी-हेन्री ही त्या काळची प्रबळ रायफल होती. तिची सुमारे ३१ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने सुटत असे, म्हणजे तिच्यात अडीच हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असे. तरीही नेडच्या चिलखताचा पत्रा भेदला गेला नाही, आणि त्याचे कारण जितके लोखंडात होते तितकेच गोळीतही होते. ती गोळी शिशाची, मऊ आणि ११ मिलिमीटरहून अधिक व्यासाची असल्याने लोखंडावर आदळताच चपटी होऊन पसरे आणि तिचा जोर मोठ्या क्षेत्रावर विभागला जाई. पत्र्यावर उरलेले खोलगट ठसे ही प्रक्रिया स्पष्टपणे दाखवतात. मात्र गोळी अडली तरी तिचा धक्का अडत नाही. पत्रा तो धक्का शरीराकडे पोहोचवतोच, आणि म्हणूनच पत्र्यामागे आघात झेलणारा मऊ थर असावा लागतो.

या चिलखतांचा पराभव झाला तो वजन आणि आच्छादन या दोन बाबींवर. नेडचा संपूर्ण संच सुमारे ४४ किलोग्रॅमचा होता. त्यामुळे धावणे किंवा घोड्यावर चपळाईने चढणे अशक्य होते, नेम धरणे कठीण होते आणि फटीतून दिसणारे दृश्य अत्यंत अरुंद होते. शिवाय एवढे लोखंड अंगावर चढवूनही हात आणि पाय उघडेच राहिले. जो बर्न जांघेत लागलेल्या गोळीने मरण पावला, तर नेड पायांवर झालेल्या गोळीबारामुळे कोसळला आणि जिवंत पकडला गेला. ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात ठेवलेले त्याचे चिलखत पाहताना हे ध्यानात घ्यावे लागते की तेथे धातूची निवड चुकली नव्हती; त्या धातूत संरक्षण बसवण्यासाठी जे वजन मोजावे लागले, ते माणसाच्या ताकदीबाहेरचे होते.

पुढील काळात गोळीचे स्वरूप बदलले आणि हा तिढा अधिक अवघड झाला. तांब्याचे आवरण आणि पोलादी गाभा असलेली आधुनिक रायफलची गोळी आकाराने लहान, परंतु वेगाने कितीतरी अधिक असते. ती आदळल्यावर शिशासारखी पसरत नाही, त्यामुळे केली टोळीच्या चिलखताएवढ्या जाडीचे साधे लोखंड तिच्यापुढे टिकत नाही. विशेष काठिण्य दिलेले पोलाद तिला अडवू शकते, पण ते जड असते आणि त्यावर फुटलेल्या गोळीचे तुकडे पत्र्याच्या कडेने मानेकडे व हाताकडे उडतात. यावर सापडलेला उपाय दोन गुणांची जबाबदारी दोन वेगळ्या पदार्थांकडे सोपवण्याचा आहे. समोरचा थर अतिकठीण सिरॅमिकचा असतो आणि तो गोळीचे टोक फोडतो. मागचा थर चिवट तंतूंचा असतो आणि तो तुकड्यांना जाळ्यासारखा झेलतो. बोरॉन कार्बाइड या सिरॅमिकची घनता, म्हणजे घन सेंटिमीटरमागील वस्तुमान, सुमारे २.५ ग्रॅम असते, तर पोलादाची ७.८ ग्रॅम, मागच्या थरातील पॉलिएथिलीन तर पाण्याहूनही हलके असते. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले आणि हैदराबादच्या मिश्र धातु निगमने उत्पादनात आणलेले ‘भाभा कवच’ बोरॉन कार्बाइडवर आधारलेले असून याच परंपरेत मोडते.

सिरॅमिकलाही स्वतःची मर्यादा आहे: पहिल्या आघाताने ते तडकते आणि त्याच जागेजवळ दुसरी गोळी लागल्यास त्याची शक्ती घटलेली असते. भट्टीत राहून गेलेले सूक्ष्म छिद्र किंवा थर चिकटवताना सुटलेली पोकळी बाहेरून पाहून ओळखता येत नाही. म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोच्या २०१८ सालच्या आयएस १७०५१ या मानकासारखी मानके नमुन्यावर प्रत्यक्ष गोळ्या झाडून निर्णय करतात, आणि त्यात भेद झाला की नाही एवढेच न पाहता पत्रा मागच्या बाजूला किती फुगला हेही मोजले जाते. पदार्थाची निवड ज्ञानाने होत असली तरी त्यावर विश्वास ठेवण्याचा अधिकार केवळ अशी परीक्षाच देते. ज्याच्या छातीवर ही प्लेट बांधली जाणार आहे, त्याला तिची परीक्षा घेण्याची दुसरी संधी मिळत नाही, आणि तिच्या निर्मात्यांवरील जबाबदारीचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.